कडक सर: पंचवीस वर्षांनंतरचे प्रश्न

शाळेत खो-खो, कबड्डी, धावणं गाजवलेल्या आणि आता तिशी-चाळिशीत असलेल्या वाचकांची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. ज्या क्रीडाशिक्षकांनी घडवलं आणि ज्यांनी मारलंही, त्यांच्याविषयी ही पत्रं आहेत. उत्तरं क्रीडा-मानसशास्त्र, फिजिओथेरपी आणि शालेय प्रशिक्षण या क्षेत्रांतल्या आमच्या सल्लागारांनी मिळून लिहिली आहेत. पत्रलेखकांची आणि शाळांची नावं गाळली आहेत.

प्रश्न: आमचे खो-खोचे सर पंचाहत्तरीचे होतायत. माजी खेळाडू गौरवांक काढतायत आणि माझ्याकडे लेख मागितलाय. सरांमुळे आम्ही राज्यस्तरावर खेळलो हे खरं. पण सर स्टंपने मारायचे. सामना हरलो की घरी पोचेपर्यंत पाणी प्यायची बंदी असायची. दोन मुलींनी त्यांच्या बोलण्यापायी नववीत खेळ सोडला. कौतुक लिहिलं तर खोटं वाटतं, नाही लिहिलं तर कृतघ्न ठरतो. (सातारा जिल्हा)

लेख लिहा, पण त्याआधी दोन याद्या करा. पहिल्या यादीत सरांनी काय शिकवलं ते खेळाच्या भाषेत लिहा. 'जिद्द दिली, संस्कार दिले' असली वाक्यं त्यात नकोत. खो देताना पाठीवरचा हात आणि तोंडातला 'खो' एकाच क्षणी आला पाहिजे, आधी-मागे झाला तर फाउल. चौकात बसताना मागचा पाय पंजावर ठेवला तर उठायला वेळ लागत नाही. खांबाजवळ वेग न मोडता वळायचं. सूर मारताना आधी छाती टेकायची, गुडघा नव्हे. असं काहीतरी तुम्हाला नक्की आठवेल, कारण ते अजून तुमच्या अंगात आहे.

दुसऱ्या यादीत काय सोसलं ते साध्या क्रियापदांत लिहा. 'शिस्त लावली' म्हणू नका, 'मारलं' म्हणा. 'कडक होते' म्हणू नका, 'पाणी बंद केलं' म्हणा. मग दुसऱ्या यादीतली एकेक ओळ घेऊन पाहा: हे झालं नसतं तर पहिल्या यादीतलं काही शिकायचं राहिलं असतं का? बहुतेक ओळींचं उत्तर 'नाही' येईल. तसं आलं की सरांविषयीची कृतज्ञता आणि राग एकमेकांना खोडत नाहीत हे तुमचं तुम्हालाच दिसेल.

गौरवांकात पहिली यादी सविस्तर जाऊ द्या. 'मार खाल्ला म्हणून घडलो' हे वाक्य मात्र लिहू नका. तो अंक आजचे क्रीडाशिक्षक वाचणार, पालक वाचणार, आणि त्यांना ती परवानगी वाटेल. शिवाय खेळ सोडलेल्या त्या दोघीही वाचतील. दुसऱ्या यादीचा उल्लेख करावासा वाटला तर दोन वाक्यं पुरतात: 'त्या काळी मैदानावर मारणं सर्रास चालायचं, आम्हीही मार खाल्ला. आज तो कुणी देऊ नये आणि कुणी सोसू नये.' त्या दोघींना आधी फोन करा. समारंभाला या म्हणून गळ घालू नका. नाव न घेता त्यांच्याबद्दल लिहिलं तर चालेल का, एवढंच विचारा. नको म्हणाल्या तर तो भाग वगळा, कारण ती गोष्ट त्यांची आहे.

सरांशी बोलायचं असेल तर समारंभाच्या आधी निदान दोन आठवडे, त्यांच्या घरी बोला. दोघांनीच जावं, आणि त्यातला एक सरांचा लाडका असावा. पाच-सहा जणांचं शिष्टमंडळ गेलं की सरांना कोर्टात उभं केल्यासारखं वाटतं आणि संवाद तिथेच संपतो. घरातली माणसं समोर असताना विषय काढू नका, त्यांच्याबरोबर फेरी मारायला बाहेर पडा. एकच प्रसंग घ्या आणि स्वतःपुरतं सांगा: 'सर, उपांत्य सामना हरल्यावर तुम्ही मला सगळ्यांसमोर मारलंत. ते माझ्या मनातून अजून जात नाही.' 'का मारलंत?' असं विचारू नका, त्यातून फक्त समर्थन बाहेर येतं.

'त्या काळी असंच होतं' असं सर म्हणाले तर वाद घालू नका. 'हो सर, तरी सांगावंसं वाटलं' म्हणा आणि गप्प बसा. 'तुमच्या भल्यासाठीच' म्हणाले तरी तेच. पुष्कळदा खरं उत्तर आठवड्याने फोनवर येतं, आणि कधी येतच नाही. माफी मिळावी म्हणून जाणार असाल तर जाऊ नका, सांगून मोकळं व्हायचं असेल तर जा. सरांना विस्मरणाचा आजार असेल किंवा तब्येत नाजूक असेल तर हा विषय समुपदेशकाजवळ बोलावा. व्यासपीठावर तो काढायचाच नाही. माजी खेळाडूंच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही नको. तिथे तासाभरात दोन तट पडतात आणि ज्यांनी खरोखर सोसलं ते ग्रुप सोडून जातात.

प्रश्न: काही म्हणा, सरांनी थोबाडीत दिली की दुसऱ्या दिवशी खेळ हमखास सुधारायचा. शाबासकी दिली की घसरायचा. हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. (नाशिक)

तुम्ही पाहिलंत ते बरोबर आहे, त्यावरून काढलेला अर्थ चुकला आहे. १०० मीटर साधारण १२.८ सेकंदांत पळणारा मुलगा घ्या. एखाद्या दिवशी तो १३.३ घेतो, एखाद्या दिवशी १२.४. झोप, जेवण, वारा, सुरुवातीची उडी, अशी कारणं अनेक. सर मारणार कधी? १३.३ च्या दिवशी. आणि १३.३ नंतरची वेळ बहुधा १२.८ च्या आसपासच येणार, मारलं तरी आणि नाही मारलं तरी. शाबासकी मिळणार १२.४ च्या दिवशी, आणि त्यानंतरची वेळ बहुधा घसरलेलीच दिसणार. सरासरीकडे परत येण्याचा हा साधा नियम आहे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन यांना तो इस्राएलच्या हवाई दलातल्या प्रशिक्षकांशी बोलताना लक्षात आला. तेही अगदी तुमच्यासारखंच सांगत होते, की कौतुक केलं की वैमानिक बिघडतो आणि झापलं की सुधारतो. पुढे काहनेमन यांना २००२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

तुमचा संघ सुधारला तो पहाटे साडेपाचच्या रोजच्या सरावाने, एकच हालचाल शेकडो वेळा घोटल्याने आणि सलग चार-पाच वर्षं तीच मुलं एकत्र खेळल्याने. हे सगळं सरांनीच उभं केलं होतं आणि त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. भीतीने मात्र एक गोष्ट नक्की होते: मूल दुखणं लपवतं. घोटा मुरगळला तरी सांगत नाही, त्यावरच खेळतं, आणि पंधरा दिवसांची दुखापत कायमची होऊन बसते.

आणि स्नेहसंमेलनाला टिकलेलेच येतात. आठवीत पळून गेलेला मुलगा तिथे भाषण करत नाही, त्यामुळे 'आमचं काही बिघडलं नाही' हे मत तिथे एकमताने मंजूर होतं.

प्रश्न: वय ४३, शाळेत कबड्डी खेळलो. सर शिक्षा म्हणून शंभर-शंभर बेडूकउड्या मारायला लावायचे. आठवीत गुडघ्याखाली आलेलं टेंगूळ अजून आहे. जिना उतरताना आणि मांडी घालून उठताना दुखतं. गुडघे सरांनीच घालवले ना? पुढच्या महिन्यात माजी विद्यार्थ्यांचा सामनाही आहे. (ठाणे)

टेंगूळ आणि आजचं दुखणं या बहुधा दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

टेंगळाला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. साधारण १० ते १५ या वयात उंची झपाट्याने वाढते. मांडीच्या पुढच्या स्नायूची दोरी नडगीच्या हाडाला जिथे चिकटते तो भाग तेव्हा अजून कूर्चेचा असतो. धावणं, उड्या, उठाबशा यांनी तो वारंवार खेचला जातो, सुजतो आणि तिथे जास्तीचं हाड धरतं. वाढ थांबली की बहुतेकांचं दुखणं जातं, उंचवटा राहतो, आणि गुडघा जमिनीवर टेकला की तो बोचतो. बेडूकउड्या हे त्याचं एकमेव कारण नव्हे. कबड्डी खेळणाऱ्या, शिक्षा न झालेल्या मुलांनाही तो होतो. सरांची चूक पुढची आहे: मूल दुखतंय म्हणत असताना भार कमी करायला हवा होता, तो शिक्षेने वाढवला गेला.

आजचं दुखणं कुठे आहे ते एका बोटाने दाखवा. वाटीच्या खालच्या टोकाला नेमकं दुखत असेल तर दोरीचं दुखणं. वाटीच्या मागे, नेमकं सांगता येत नाही असं दुखत असेल आणि जिना उतरताना वाढत असेल, तर वाटी आणि मांडीच्या हाडामधलं. आतल्या किंवा बाहेरच्या सांध्याच्या रेषेवर दुखतं, मांडी घालून उठताना गुडघा अडकतो, तर सांध्यातली कूर्चेची गादी फाटलेली असू शकते. गुडघा सुजत असेल, मध्येच लचकून साथ सोडत असेल किंवा पूर्ण सरळ होत नसेल तर व्यायाम सुरू न करता अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. एक्स-रे उभं राहून काढलेला हवा. झोपून काढलेल्यात सांध्यातलं अंतर फसवं दिसतं.

ही लक्षणं नसतील तर पहिले दोन आठवडे भिंतीला पाठ टेकून, गुडघे साधारण ६० अंशांत वाकवून ४५ सेकंद बसा. असं पाच वेळा, मध्ये दोन मिनिटं विश्रांती, एक दिवसाआड. तिसऱ्या आठवड्यापासून खुर्चीपर्यंत बैठका: आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी तीन ते चार फेऱ्या, खाली जायला तीन सेकंद आणि वर यायला तीन. सुरुवात १५ बैठकांच्या फेरीने करा. दर दोन-तीन आठवड्यांनी पाठीवरच्या पिशवीत वजन वाढवत आणि संख्या कमी करत १२, १०, ८ वर या. बारा आठवडे धरून चाला. सोबत कमरेसाठी पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कंबर पुलासारखी उचलणं आणि कुशीवर झोपून पाय वर नेणं, दोन्ही १२ च्या तीन फेऱ्या. दहापैकी तीनपर्यंत दुखणं चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते पूर्वीच्या पातळीवर आलेलं हवं. नसेल तर वजन उतरवा, व्यायाम बंद करू नका.

माजी खेळाडूंचं घोडं ठरावीक ठिकाणी अडतं. एक, पहिल्याच दिवशी सरांचा जुना आकडा गाठायचा प्रयत्न. सवय नसताना एका दमात शंभर उठाबशा काढल्या तर स्नायू विरघळू शकतात. मांड्या दगडासारख्या आखडल्या आणि लघवी गडद तपकिरी झाली तर त्याच दिवशी रुग्णालयात जा, कारण मूत्रपिंडांना धोका असतो. दोन, तिसऱ्या आठवड्यात बरं वाटलं की सोडून देणं. तीन, नुसतं तेल आणि नी-कॅप.

पुढच्या महिन्यातल्या सामन्यात खेळू नका, पंच व्हा. चाळिशीत अचानक चढाईला गेलं की टाचेची दोरी तुटू शकते. मागून कुणीतरी लाथ मारली असं वाटतं आणि मागे कुणीच नसतं. खेळायचंच असेल तर वर सांगितलेला व्यायाम निदान सहा-आठ आठवडे झालेला हवा, त्यात टाचा उचलण्याच्या १५ च्या तीन फेऱ्या वाढवा, आणि घोटा-पकड नाही असं दोन्ही संघांत आधी ठरवून घ्या.

प्रश्न: शाळेत ३००० मीटर पळायचे. सर दर शनिवारी सगळ्यांसमोर वजन करायचे आणि वाढलं तर 'पोळ्या मोजून खा' म्हणायचे. पाळी दीड वर्ष बंद होती, तेव्हा 'पाळी थांबली म्हणजे फिटनेस आला' असं सांगितलं. आता ३४ वर्षांची आहे. चालण्याचा वेग वाढवला तर नडगीला स्ट्रेस फ्रॅक्चर झालं. संबंध असेल का? (पुणे)

असण्याची शक्यता बरीच आहे, तपासून घ्याच. खर्च होणाऱ्या ऊर्जेपेक्षा अन्न कमी पडलं की मेंदू प्रजननाची यंत्रणा थांबवतो, इस्ट्रोजेन घटतं आणि हाडांत भर पडणं मंदावतं. किशोरवय हे हाडांची पुंजी जमवण्याचं वय, आणि तेव्हा राहून गेलेलं सगळंच नंतर भरून येत नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला 'रेड-एस' असं नाव दिलं. पाळी थांबणं फिटनेसचं लक्षण कधीच नसतं. सुरू झालेली पाळी सलग तीन महिने आली नाही तर डॉक्टरांकडे जायचं, हा नियम आज पळणाऱ्या प्रत्येक मुलीला आणि तिच्या आईला माहीत हवा.

तुम्ही कंबर आणि मणक्याची डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी, तपासणी करून घ्या. या वयात अहवालातला 'झेड' आकडा (आपल्याच वयाच्या स्त्रियांशी तुलना) पाहतात, 'टी' (तरुण प्रौढांशी तुलना) नव्हे. उणे दोनपेक्षा खाली असेल तर अंतःस्रावतज्ज्ञांना भेटा. सोबत ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा. ड जीवनसत्त्वाच्या ६०,००० युनिटच्या पुड्या रक्तातली पातळी न पाहता घेत राहू नका. कॅल्शियम दिवसाला साधारण १००० मिलिग्रॅम लागतं: दोन पेले दुधातून ६०० च्या आसपास, ५० ग्रॅम पिठाच्या नाचणीच्या भाकरीतून पावणेदोनशे, वाटीभर दह्यातून सव्वाशे-दीडशे. उरलेलं तीळ आणि पालेभाज्या भागवतात. गर्भनिरोधक गोळ्यांवर येणारी पाळी ही शरीर सावरल्याची खूण नाही, हेही लक्षात ठेवा. फ्रॅक्चर नडगीच्या पुढच्या कडेला असेल तर ते हळू भरतं आणि पूर्ण तुटण्याचा धोका असतो, तिथे 'थोडं चालून बघते' असं करू नका.

आजही पोळी मोजल्याशिवाय घास घशाखाली उतरत नसेल, काट्यावर उभं राहताना छाती धडधडत असेल, तर आहारतज्ज्ञाइतकीच मानसोपचाराची गरज आहे. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

सरांना हे माहीत असायला हवं होतं का? पाळी आणि हाडांचा हा संबंध वैद्यकात १९९० च्या दशकातच मांडला गेला होता, शाळेच्या मैदानापर्यंत तो पोचला नव्हता. तेवढं सरांच्या बाजूने म्हणता येईल. पण चौदा वर्षांच्या मुलीला सगळ्यांसमोर वजनावरून हिणवणं हे अज्ञान नव्हतं. त्याचा राग येत असेल तर तो रास्त आहे.

प्रश्न: आमच्या सरांचं वागणं मारण्यापुरतं नव्हतं. मालिश करण्याच्या निमित्ताने ते मुलींना हात लावायचे. वीस वर्षं झाली. ते अजून मुलींना शिकवतात. (गाव देत नाही)

हा हिशेब वर लिहिलेल्या कशातच बसत नाही, इथे पहिली यादी लागू होत नाही. आजच्या मुलींना धोका आहे असं वाटत असेल तर १०९८ या बालक-हेल्पलाइनला किंवा पोलिसांना कळवा. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अशी शंका असलेल्या कुणावरही कळवण्याचं बंधन आहे आणि सद्हेतूने कळवणाऱ्याला संरक्षणही आहे. सध्याच्या विद्यार्थिनींना स्वतः गाठून विचारपूस करू नका. त्याने त्यांच्यावर दडपण येतं आणि पुढे जबाबाला बाधा येते.

तुमच्या वेळच्या घटनेला पॉक्सो लागू होणार नाही, तो १४ नोव्हेंबर २०१२ पासूनचा आहे. तेव्हाच्या दंड विधानातली कलमं लागतील आणि त्यांतल्या काहींना तक्रारीची मुदत आहे, म्हणून आधी वकिलाला भेटा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, क्रमांक १५१००. आठवतं ते तारखा, इयत्ता, ठिकाण यांसह एकटीने लिहून ठेवा, मैत्रिणींबरोबर बसून नको. प्रत्येकीची आठवण तिची तिची राहू द्या.

प्रश्न: मुलाच्या १४ वर्षांखालच्या खो-खो संघाला संध्याकाळी मीच शिकवतो. परवा एका मुलाला म्हणालो, 'म्हैस झालायस का?' हे वाक्य आमच्या सरांचं आहे. (सांगली)

सरांची अशी आठवतील तेवढी वाक्यं कागदावर काढा आणि प्रत्येकासमोर त्याच वेळी उपयोगी पडेल असं वाक्य लिहा. 'म्हैस झालायस का' च्या जागी 'उठताना डावा पाय आधी टाक'. 'पोरींसारखा खेळतोस' च्या जागी 'खो लवकर दे, तो खांबाकडे वळायच्या आत'. अपमानाच्या वाक्यात काय करायचं तेच नसतं, म्हणून मूल तीच चूक पुन्हा करतं आणि तुमचा आवाज आणखी चढतो. नवी वाक्यं सरावाआधी मोठ्याने म्हणून घ्या, नाहीतर ऐन वेळी जुनंच तोंडात येतं. तरी सुटलंच तर त्याच दिवशी, सगळ्यांसमोर, 'मी तुला तसं बोलायला नको होतं' म्हणा आणि लगेच पुढचा सराव घ्या.

शिक्षेच्या फेऱ्या आणि बेडूकउड्या बंद करा. पळणं ही शिक्षा झाली की मुलं पळणं टाळायला शिकतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई आहे, आणि शाळेच्या मैदानावर येणाऱ्या पालकाने तीच रेषा पाळावी. उशिरा आलेल्याने त्या दिवशी सरावसामन्यात राखीव म्हणून सुरुवात करायची आणि चुना-दोरीचं सामान आवरायचं. हालचाल चुकली तर ती निम्म्या वेगाने पाच वेळा बरोबर करून घ्या, मग पूर्ण वेगाने दोनदा. दर १५-२० मिनिटांनी पाणी, प्रत्येकी १५० ते २०० मिलिलिटर. तहान लागली नाही म्हणणाऱ्यालाही. एप्रिल-मेमध्ये सराव सकाळी आठच्या आत संपवा आणि सुट्टीनंतर परतलेल्या मुलांना पूर्ण भारावर यायला दहा ते चौदा दिवस द्या.

सरांकडून घेण्यासारखंही पुष्कळ आहे. ठरल्या वेळी सुरू होणारा सराव, हजेरीची वही, रोज तीच पायाभूत हालचाल, आणि मूल दोन दिवस आलं नाही की त्याच्या घरी जाऊन आई-वडिलांना भेटणं. ते जसंच्या तसं घ्या.

महिन्यातून दोनदा एखाद्या पालकाला कडेला बसवा. तुमचं प्रत्येक वाक्य सूचना होतं, कौतुक होतं की टोमणा, याच्या मोजणीच्या उभ्या रेघा त्यांनी कागदावर मारायच्या. टोमणे कोणत्या मुलांच्या वाट्याला येतात तेही लिहायला सांगा. बहुधा दोन-तीन ठरलेलीच नावं निघतील. पुढच्या सरावात पहिली दहा मिनिटं त्याच मुलांबरोबर खो देण्याचा सराव करा.